फॉर्म 'सी'वर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही

प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. वय ३१, पदरात दोन मुलं, धाकटं अजून अंगावर पितंय. निरोध वापरत होते, तरी पाळी चुकली. सोनोग्राफीत साडेसहा आठवडे आले. नवरा जहाजावर, घरी यायला अजून चार महिने. फोनवर दोघांचं ठरलंय की आता तिसरं नको. दवाखान्यात मात्र सांगितलं, "गर्भपाताला मिस्टरांची सही लागते, ते आल्यावर या." त्यांची बहीण अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असते. ती म्हणाली, आमच्याकडे नवऱ्याला कुणी विचारत नाही, पण डॉक्टरांनी आधी सगळं सांगायचं आणि मग २४ तास थांबायचं असा कायदा आहे. ताईंनी मला दोन गोष्टी विचारल्यात. नवऱ्याच्या सहीचा कायदा खरंच आहे का? आणि सही करायच्या आधी मला काय काय सांगितलं गेलं पाहिजे?

ताई, पहिल्याचं उत्तर: असा कायदा नाही, कधीच नव्हता. आणि "ते आल्यावर या" या तीन शब्दांचा हिशोब आधी करून घ्या. साडेसहा आठवड्यांत चार महिने मिळवले की तेवीस-चोवीस आठवडे होतात. तुमच्यासारख्या कारणासाठी कायद्याची मुदत २० आठवडे. म्हणजे तुम्ही त्यांचं ऐकून थांबलात, तर मिस्टर सही करायला हजर असतील आणि गर्भपात मात्र करता येणार नाही. तुम्हाला सांगणाऱ्याने हे मोजलं नसावं. तुम्ही मोजा.

आपला कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. आम्ही डॉक्टर त्याला एमटीपी कायदा म्हणतो. संमतीचा सगळा विषय त्यात कलम ३ च्या चौथ्या पोटकलमात दोन वाक्यांत उरकलाय. मुलगी १८ वर्षांखालची असेल किंवा बाई मनोरुग्ण असेल, तर पालकाची लेखी संमती. बाकी प्रत्येक वेळी गर्भवती बाईची स्वतःची. नवरा, सासू, वडील, भाऊ यांच्यापैकी कुणाचंही नाव तिथे येत नाही.

संमतीचा कागद म्हणजे फॉर्म 'सी'. मी तो गेली सव्वीस वर्षं वापरते, डोळे मिटून लिहून दाखवेन. मी अमुक, अमुक यांची मुलगी किंवा पत्नी, वय इतकं, कायमचा पत्ता हा, सध्या राहणार इथे, माझा गर्भपात अमुक ठिकाणी करण्यास संमती देते. खाली ठिकाण, तारीख, सही. लिहिता येत नसेल तर अंगठा. त्याच्याखाली पालकासाठी तसाच दुसरा मजकूर, तो फक्त अल्पवयीन मुलगी आणि मनोरुग्ण बाई यांच्यासाठी. एवढंच. तुमच्या मिस्टरांचं नाव या कागदावर आलंच तर "यांची पत्नी" या गाळलेल्या जागेत येईल, ओळख पटावी म्हणून. त्याच्या अलीकडे "यांची मुलगी" हा पर्यायही छापलेला आहे. वडिलांचं नाव घातलंत तरी कागद तितकाच पक्का.

सही झाली की हा कागद आणि डॉक्टरांच्या मताचा फॉर्म एका पाकिटात जातो. पाकीट चिकटवतात, त्यावर "गोपनीय" लिहितात आणि रजिस्टरमधला तुमचा अनुक्रमांक टाकतात, तुमचं नाव नाही. ते रजिस्टर वाटेल त्याला बघायला मिळत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं तर यासाठी वेगळं कलमच आणलं, ५-अ. गर्भपात केलेल्या बाईचं नाव किंवा माहिती डॉक्टरने कायद्याने अधिकार नसलेल्या माणसाला सांगितली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्या "माणसात" नवरा येत नाही असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. बाईच्या परवानगीशिवाय घरी फोन लावून "तुमच्या मिसेस आल्या होत्या" असं सांगणारा डॉक्टर स्वतःच अडचणीत येऊ शकतो.

मग सगळीकडे सही मागतात का? मागतात, आणि मीही मागत होते. हे इथे लिहायलाच हवं. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा छापखान्यातून आणलेल्या संमतिपत्रावर "पतीची सही" अशी रेघ होती. सीनियर लोकांचे फॉर्म तसेच होते, मी तोच नमुना उचलला. एक बाई आली, नऊ आठवडे झाले होते. नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर दोन जिल्हे पलीकडे. मी म्हणाले, सही घेऊन या. ती पाच आठवड्यांनी आली, सहीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. तेव्हाच्या कायद्यात १२ आठवड्यांच्या पुढे दोन डॉक्टरांचं मत लागायचं, आणि चौदाव्या आठवड्यातलं काम नवव्यापेक्षा जास्त त्रासाचं, जास्त रक्तस्रावाचं असतं. तिला तीन दिवस ॲडमिट राहावं लागलं. ती बरी होऊन घरी गेली, मला एक शब्दही बोलली नाही. त्या आठवड्यात मी फॉर्म नव्याने छापून घेतले. ते पाच आठवडे तिच्या अंगावर मी घातले होते, कायद्याने नव्हे.

सही मागण्यामागे डॉक्टरांची भीती असते, ती खोटी नाही. उद्या नवरा येऊन तोडफोड करेल, केस घालेल. २०१२ च्या परळीच्या बेकायदा गर्भपातांच्या प्रकरणानंतर लिंगनिदानाच्या संशयाची भीतीही बसली. त्यात २००७ च्या समर घोष खटल्यातलं एक वाक्य कुणीतरी ऐकलेलं असतं, की वैद्यकीय कारणाशिवाय, नवऱ्याला न सांगता गर्भपात केला तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते. ते वाक्य खरं आहे, पण तो घटस्फोटाचा खटला होता. नवरा-बायकोच्या भांडणात कौटुंबिक न्यायालय काय बघेल हा वेगळा प्रश्न, आणि डॉक्टरने कुणाची सही घ्यायची हा वेगळा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २०१७ मध्ये स्पष्ट झालं. एका नवऱ्याने आपल्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून बायकोवर आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो उडवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याचं अपील फेटाळलं. पुढे २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांनाच थेट सुनावलं: कायद्यात नसलेल्या अटी घालू नका, घरच्यांची संमती मागू नका, जादा कागद मागू नका. हा निकाल अविवाहित मुलीच्या केसमधला आहे, पण हे सांगणं सगळ्यांसाठी आहे. माझ्या डॉक्टर भावाबहिणींनो, तो निकाल छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. नवऱ्याच्या सहीने मिळत नाही एवढं संरक्षण त्यात आहे.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. भूल द्यायची असते तेव्हा कुणीतरी सोबत असावं असं आम्ही म्हणतो, भुलीच्या कागदावर साक्षीदाराची सही घेतो. ते योग्यच आहे. साक्षीदार म्हणजे सही तुमचीच आहे हे बघणारा माणूस. शेजारीण चालते, बहीण चालते, मैत्रीण चालते. तो परवानगी देत नसतो.

आता बहिणीच्या पेनसिल्व्हेनियाकडे वळते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. अमेरिकेत संमतीचे कायदे राज्यागणिक वेगळे. नवऱ्याच्या संमतीची अट मिझुरी राज्याने घातली होती, ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये रद्द केली. पेनसिल्व्हेनियाने मग संमती सोडून निदान नवऱ्याला कळवल्याचं बाईने लिहून द्यावं अशी अट आणली. तीही १९९२ च्या केसी खटल्यात गेली. न्यायालयाचं कारण वाचण्यासारखं आहे: ज्या घरात संवाद आहे तिथे बाई आपणहून सांगतेच, आणि जी सांगत नाही तिच्याकडे बहुतेकदा न सांगण्याचं कारण असतं, मारहाण हे त्यातलं मोठं. मला हे कुणी अमेरिकेतून सांगायची गरज नव्हती. ओपीडीत बसणाऱ्या कुठल्याही बाईला ते माहीत असतं.

पण त्याच खटल्यात माहितीची अट टिकली. पेनसिल्व्हेनियात डॉक्टरने निदान २४ तास आधी तोंडी सांगायचं: पद्धत कोणती, धोके काय, पर्याय काय, किती आठवडे झालेत, आणि गर्भ पूर्ण दिवस वाढवला तर त्याचे धोके काय. इथपर्यंत मला काहीच खटकत नाही, हे सांगायलाच हवं. त्याच्या पुढे मात्र हेही सांगायचं, की गर्भाची वाढ आणि दत्तक देणाऱ्या संस्था यांची सरकारने छापलेली माहिती आहे, हवी तर वाचा. बाळंतपणासाठी सरकारी मदत मिळू शकते. मुलाच्या पोषणाची जबाबदारी बापावरही येते. मग हे सगळं आपल्याला सांगितलं गेल्याचं बाईने सही करून द्यायचं. साउथ डकोटाने २००५ मध्ये याहून पुढे जाऊन डॉक्टरच्या तोंडात वाक्यच घातलं, की या गर्भपाताने एका "संपूर्ण, वेगळ्या, एकमेव, जिवंत मानवाचं" आयुष्य संपेल. आज त्या राज्यात गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदीच आहे. तिथल्या माहितीच्या कायद्यांचा रोख कुठे होता ते यावरून दिसतं.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट. फॉर्म 'सी'त "मला समजावून सांगितलं आहे" असं साधं वाक्यसुद्धा नाही. काय सांगायचं यावर कायदा जवळपास गप्प आहे. ती जागा भरून निघाली २००८ च्या समीरा कोहली खटल्यात. एका बाईने दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भपिशवी काढून टाकली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शहाणीसुरती सज्ञान बाई असताना आणि जिवावरचा प्रसंग नसताना दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, आईचीसुद्धा. आणि संमती खरी असायची तर आजार, उपचार, त्याचा हेतू, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न केल्यास काय होईल, हे पुरेसं सांगितलेलं हवं. त्या निकालात न्यायालयाने अमेरिकी पद्धत जशीच्या तशी उचलायला नकार दिला, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कायद्याने माहितीची जागा मोकळी सोडली, ती आम्ही डॉक्टरांनी समजावून सांगण्याने भरायची होती. आम्ही तिथे नवऱ्याचं नाव लिहिलं.

तर ताई, तुमच्या बाबतीत ते समजावणं असं असायला हवं. सगळ्यात आधी, गर्भ पिशवीतच आहे ना. तुमची सोनोग्राफी झालीय, पण रिपोर्टात "गर्भाशयात" असं लिहिलंय का, ते डॉक्टरांना विचारा. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी काहीच होत नाही आणि जीव धोक्यात येतो. मग रक्त: हिमोग्लोबिन किती आणि गट कोणता. गट निगेटिव्ह असेल तर वेगळ्या इंजेक्शनचा विषय निघतो.

नंतर पर्याय, आणि दोन्ही सांगायचे. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्या चालतात. पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोनची एक गोळी, मग दीड-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार. दुसऱ्या गोळ्यांनंतर काही तासांत पोटात कळा आणि पाळीपेक्षा बराच जास्त रक्तस्राव, गाठीही पडतात. थोडंथोडं जाणं पुढे आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त चालतं. शंभरातल्या दोन-चार बायकांची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि मग साफ करावी लागते. हे आधी सांगितलं नाही तर बाई रात्री दोन वाजता घाबरून जाते, आणि तेव्हा तिच्याशेजारी कुणी नसतं. दुसरा पर्याय हाताच्या सिरिंजने पिशवी रिकामी करण्याचा. लोक याला अजून क्युरेटिंगच म्हणतात, पण जुनं खरवडणं वेगळं आणि हे वेगळं, हे जास्त सुरक्षित आहे. काही मिनिटांत होतं, त्याच दिवशी घरी. संसर्ग आणि पिशवीला इजा हे त्याचे धोके, क्वचित होणारे, पण सांगण्याचे. नवरा दूर, घरात दोन लहान मुलं, जवळचा दवाखाना तासाभरावर, अशा बाईला कधीकधी हा पर्याय जास्त सोयीचा पडतो. निवड तुमची.

घरी जाताना धोक्याच्या खुणा लेखी मिळायला हव्यात. एका तासात दोन मोठे पॅड भिजले आणि असं सलग दोन तास झालं, तर निघायचं. दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, घाण वास यायला लागला, चक्कर आली, तर निघायचं. आणि रक्त गेलंच नाही तरी यायचं. पंधरा दिवसांनी तपासणी, ती चुकवायची नाही. रात्री फोन कुणाला करायचा तो नंबर कागदावर हवा. मी तो गोळ्यांच्या पाकिटावरच पेनने लिहिते, कारण कागद हरवतात.

अजून एक गोष्ट हमखास होते: "गर्भपात करतो, पण तांबी बसवावी लागेल" किंवा "ऑपरेशन करून घ्या, तरच." ही अट बेकायदा आहे. गर्भनिरोधकाबद्दल बोलणं डॉक्टरचं कामच आहे, तुम्ही स्वतःच कदाचित विचाराल. पण एकाची संमती दुसऱ्याला बांधता येत नाही. आणि नसबंदीच्या ऑपरेशनलासुद्धा जोडीदाराची संमती सरकारी नियमांनुसार लागत नाही.

संमतीची दुसरी बाजू इथे बोलते, कारण ती फार कमी बोलली जाते. बाईला गर्भ हवा असतो आणि घरच्यांना नको असतो. सासू सोबत येते, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देते, पाळीची तारीखही तीच सांगते. मी म्हणते, वजन आणि बीपी बघायचंय, फक्त पेशंटने आत यायचं. पडदा ओढला, वजनकाट्यावर उभं केलं की मी एवढंच विचारते, "तुला काय हवंय?" एकदा एक मुलगी काट्यावरून उतरलीच नाही. आकड्याकडे बघत तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "मला ठेवायचंय, पण मी म्हणाले असं सांगू नका." बाहेर येऊन मी सासूबाईंना सांगितलं, सध्या हे करणं हिच्या तब्येतीला ठीक नाही. संमती नसलेला गर्भपात म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा आहे, आणि तो करणाऱ्या डॉक्टरलाही सोडत नाही. जो डॉक्टर नवऱ्याची सही घेऊन निश्चिंत होतो आणि बाईला एकटीला एकदाही विचारत नाही, त्याने नेमकी चुकीची सही जपलेली असते.

वाचणाऱ्यांत कुणाच्या घरात १८ खालची मुलगी असेल तर थोडक्यात: पालकाची लेखी संमती लागते आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवावंही लागतं. २०२२ च्या त्याच निकालाने एवढं सोपं केलंय, की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरला त्या खबरीत मुलीचं नाव द्यावं लागत नाही. मुलीचं आणि पालकांचं मत वेगळं असेल तर मुलीचं मत महत्त्वाचं मानायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटलंय. आणि बौद्धिक अक्षमता म्हणजे मनोरुग्णता नव्हे, हे २००९ पासून ठरलेलं आहे. चंदीगडच्या आधारगृहातल्या तशा तरुणीला मूल हवं होतं, आणि न्यायालयाने तिचं ऐकलं.

एक खरी मर्यादाही सांगते, कारण "बाईने मागितलं की डॉक्टरने दिलंच पाहिजे" असंही आपल्या कायद्यात नाही. तुमची संमती लागतेच, पण सोबत नोंदणीकृत डॉक्टरचं प्रामाणिक मत लागतं की कारण कायद्यात बसतं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं पुरतं. तुमचं कारण बसतं: गर्भनिरोधक वापरूनही राहिलेला नको असलेला गर्भ हा मनाला गंभीर त्रास धरला जातो, आणि २०२१ पासून तिथे "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" याऐवजी "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असं आहे. निरोध वापरत होतो हे सांगितलंत की पुरे. त्याचा पुरावा कुणी मागू शकत नाही.

आता काय करायचं. उद्याच त्याच दवाखान्यात जा आणि शांतपणे म्हणा, "नवऱ्याची सही लागते असं तुम्ही लिहून द्या." बहुतेक ठिकाणी विषय तिथेच मिटतो, कारण असं लिहून कुणी देत नाही. नाही मिटला तर भांडणात दिवस घालवू नका. तुमच्याकडे गोळ्यांसाठी अडीच आठवडे आहेत. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा. सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही. खाजगीत जायचं तर मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावलेलं असतं, ते बघा. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते, ती नंतर केलीत तरी चालेल. मेडिकलमधून परस्पर गोळ्या मात्र आणू नका, कितीही ओळखीचा दुकानदार असला तरी. जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्तगटाचा कागद असेल तर तो, आणि विश्वासाची एक बाई सोबत घ्या. धाकट्याला पाजता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि आत गेल्यावर डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोला.